वखारीतली देवळी

कोल्हारात आमच्या गल्लीतल्या बायका बरीच वर्षं माझा उल्लेख 'दिवा फुंकलेली ती' असा करत. नव्याने केलेल्या जागेतला पहिला दिवा, तोही सासूच्या हातातला, सुनेने तोंडाने फुंकून विझवावा, याहून अशुभ काही त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. मी कधी खुलासा करत बसले नाही. एक तर मला खुलासे करायचा कंटाळा, आणि दुसरं म्हणजे त्या दिव्यामागची गोष्ट माझी एकटीची नव्हती. आता ज्यांची होती ती माणसं राहिली नाहीत, म्हणून सांगते.

आमचा धंदा केळीचा. प्रवरेकाठच्या मळ्यांतून हिरवे घड आणायचे, पिकवायचे आणि रस्त्यावरच्या बाजारगावांना पाठवायचे. पिकवायच्या जागेला वखार म्हणतात. खालीवर केळीचा वाळका पाला घालून त्यात घड रचायचे, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवायचा, दार लावून फटी मातीने लिंपून टाकायच्या. आतल्या धुराच्या उबेने केळी पिवळी होतात. याला धुरी देणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण विस्तव कमी पडला तर केळी हिरवीच राहतात, आणि जास्त झाला तर काळी पडून गळतात.

हे सगळं खातं सासूबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बाहेरचा व्यवहार बघत, पण वखारीच्या दारात आले की आत्याबाईंना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. घरात पाहुण्यांसमोर पदर सावरून कोपऱ्यात बसणारी ही बाई वखारीत शिरली की तिचा आवाजच बदलायचा. हमालांना ती अशी झापायची की मला, नव्या सुनेला, आतून गुदगुल्या व्हायच्या. तोंडाळ म्हणून माझी माहेरी ख्याती होती. सासरी आल्यावर कळलं की घराणं बरोबर निवडलंय.

लग्नाला वर्ष होत आलं असेल. एका सकाळी आत्याबाई वखारीत धुरी घालत होत्या आणि मी घमेल्यातून इंगळ, म्हणजे पेटते निखारे, आणून दिले. त्यांनी चिमट्याने एक इंगळ उचलला आणि मडक्यात टाकला. म्हणजे त्यांना वाटलं मडक्यात टाकला. तो पडला मडक्याच्या शेजारी, वाळक्या पाल्यावर. पाल्याने चटकन पेट घेतला आणि आत्याबाई शांतपणे दुसरा इंगळ उचलत होत्या. मी पुढे होऊन पायाने तो जाळ विझवला. चप्पल करपली, पाय जरा भाजला. त्यांनी वास घेतला, खाली वाकून हाताने पाला चाचपला आणि हळूच विचारलं, "पेटलं हुतं?"

तेव्हा माझ्या लक्षात सगळं आलं. जिना उतरताना त्यांचा हात भिंतीवरून का फिरतो, तांदूळ निवडायचे माझ्याकडे का आले, समोरून येणाऱ्या माणसाला आधी बोलू देऊन मगच त्या का बोलतात. सगळा जन्म धुरात काढलेल्या त्या डोळ्यांना फार थोडं दिसत होतं.

"कुनाला बोलू न्हको," त्या म्हणाल्या. "कळलं तर मला वर माजघरात बशिवत्याल. निस्तं बसून भाकरी खायची, आन् सुनंला इचारायचं, आज काय वार हाय. तुला माजी आण हाय बग."

मी आण घेतली. राग आला होता मला, त्यांचा नाही, त्या धुराचा. पण त्यांची भीती खरी होती. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसाला जपणं म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेणं, असाच अर्थ होता. त्या दिवसापासून वखारीत विस्तव नेताना काही ना काही निमित्त काढून मी त्यांच्या मागे असायची. मामंजी कौतुकाने म्हणायचे, "सून कामाची निगाली."

त्याच सुमारास आमच्या ह्यांच्या डोक्यात थर्माकोल शिरला. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आधीची ही गोष्ट. हे पुण्याला शिकलेले. तिथला त्यांचा एक वर्गमित्र शीतगृहांच्या भिंतींना थर्माकोल लावायचं काम करायचा. बर्फाचा गारवा आत ठेवायला जो उपयोगी पडतो तो धुरीची ऊबही आत ठेवेल, असा ह्यांचा हिशोब. आमची वखार घराखालच्या तळघरात, दगडी भिंतींची. पौष-माघात नदीकडून गारठा यायचा आणि त्या भिंती सगळी ऊब पिऊन टाकायच्या. मग आत्याबाईंना पुन्हा पुन्हा आत जाऊन विस्तव वाढवावा लागायचा. "थर्माकोल लावला की एकदा धुरी घातली, झालं," हे म्हणाले. "आईचे डोळे किती लाल होतात बघितलंस का?" लाल होतात एवढंच ह्यांना ठाऊक होतं. मी गप्प बसले. मला गप्प बसायला फार कष्ट पडतात.

थर्माकोल आला. ट्रकभर पांढरे तक्ते, एवढे हलके की सगळी गल्ली उचलून बघायला आली. तो पुण्याचा मित्रही आला. किडकिडीत, चष्मेवाला, आणि चहा सोडून सगळ्या बाबतीत संशयी. गरम डांबराने तक्ते भिंतीला चिकटवून झाले आणि तळघर आतून पांढरंफेक झालं, तेव्हा आम्ही सगळे खुळ्यासारखे बघत राहिलो. तो मात्र खूश दिसेना.

"इथे धुरी देणार ना तुम्ही?" तो म्हणाला. "मग नीट ऐका. हे पेटतं. नुसतं पेटत नाही, वितळून पेटते थेंब खाली पडतात. आणि याचा धूर एवढा काळा आणि जहरी असतो की आतल्या माणसाला जाळ पोचायच्या आधी धूरच खलास करतो. तळघराला तुमचा एकच जिना आहे. म्हणून सगळ्या भिंतींवर आणि छतावर जाळी ठोकायची, आणि तिच्यावर सिमेंटचा अंगठ्याएवढा जाड गिलावा. दाराला आतून पत्रा. विजेची तार भिंतीत घालायची नाही. आणि गिलावा पुरा होईपर्यंत आत काडीसुद्धा ओढायची नाही. नखभर थर्माकोल उघडा दिसला तर धुरी घालू नका."

ह्यांनी मान डोलावली. मामंजींनीही डोलावली, पण त्यांची मान डोलावण्याची पद्धत मला माहीत झाली होती. ती 'बघू' अशी होती.

अडचण सिमेंटची होती. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिट मिळालं तरी सिमेंट मिळायचं नाही. इकडे महाशिवरात्र जवळ येत होती. उपासाच्या दिवसांत केळ्याला जी मागणी असते ती वर्षात पुन्हा नसते. मळेवाले घड घेऊन दारात उभे, आणि वखार पांढरी होऊन बंद. एके दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "मडकं मधोमद ठिवू. भितीपासून लांब. हितं कोन भितीला विस्तव लावाय चाललंय?"

हे म्हणाले, "एवढ्या वेळेपुरतं चालेल कदाचित."

आत्याबाई वाढता वाढता म्हणाल्या, "मला काय, म्या घालते."

आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पाल्यावर पडलेला इंगळ आला. इथे पाल्यापलीकडे चारी बाजूंनी पांढऱ्या भिंती असत्या, आणि मागे लिंपायला निघालेलं दार. मी म्हणाले, "चालणार नाही." सासऱ्यांपुढे असं बोललेली मी त्या घरातली पहिलीच सून असेन. मामंजींचा घास हातातच राहिला.

"का गं?" हे म्हणाले.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. मी उठले, तक्त्याचा एक उरलेला तुकडा घेतला, परसात नेला आणि सगळ्यांसमोर चुलीतल्या लाकडाने पेटवला. त्या मित्राने सांगितलं होतं त्यात एक अक्षरही जास्त नव्हतं. तुकडा आकसला, भडकला, पेटते थेंब टपटप खाली पडून जमिनीवरही जळत राहिले, आणि काजळीचे काळे धागे वाऱ्यावर उडून मामंजींच्या पांढऱ्या धोतरावर बसले. मामंजी ते धागे झटकायला गेले तर धोतरभर काळे फराटे उठले. आत्याबाई पदर नाकाला लावून माझ्या जवळ सरकल्या आणि कुजबुजल्या, "केवडा जाळ झाला गं?"

"तुमच्या उंचीएवढा," मी म्हणाले. खरं तर हातभरच होता. पण मला त्यांना घाबरवायचंच होतं.

मग मामंजींनी सिमेंटसाठी जिवाचं रान केलं. कोणाकोणाच्या ओळखी काढल्या, कुठे कुठे एसटीने खेटे घातले, त्यांचं त्यांना ठाऊक. सिमेंट आलं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आली. गावातला जुना गवंडी कामाला लागला. भिंती झाल्या, छत झालं, दाराला आतून पत्रा बसला. मी रोज खाली जाऊन डोळ्यांत तेल घालून बघायची, बोटाने ठोकायची. गवंडी वैतागून म्हणायचा, "सूनबाई, तुमी आता थापीच घ्या हातात, म्या घरला जातो." मी म्हणायची, "द्या." शेवटच्या दोन दिवसांत मला ताप आला आणि माझं खाली जाणं राहिलं. वर आलेला गवंडी म्हणाला, समदं झालं, कुटं बोटभर जागा उगडी न्हाई. जिवात जीव आला.

महाशिवरात्रीच्या आधीचा चांगला दिवस बघून वखारीत पहिला दिवा लावायचं ठरलं. आमच्याकडे केळी ठेवायच्या जागेत समोरच्या भिंतीत एक देवळी असते. देवळी म्हणजे छोटा कोनाडा. पहिला दिवा तिथे ठेवायचा, मग त्याच दिव्यावर काकडा पेटवून धुरीचा विस्तव करायचा. ही देवळी नव्या भिंतीतही ठेवायला आत्याबाईंनी गवंड्याला सांगितलं होतं.

सकाळची वेळ. आत्याबाई हिरव्या लुगड्यात, हातात पेटलेली पणती. त्यांच्या मागे हळदीकुंकवाचं ताट घेऊन मी. माझ्या मागे मामंजी, हे, आणि जिन्यावर गवंडी आणि चार शेजारी, त्यामुळे वरून येणारा सगळा उजेड अडलेला. आत्याबाई रोजच्यासारख्या भिंतीला हात लावत गेल्या, बोटांनी देवळीची कड शोधली, आणि पणतीचा हात पुढे केला. पणतीच्या उजेडात देवळीच्या आत काहीतरी चकाकलं. पांढरे, साबुदाण्यासारखे दाणे. खाली, मागे, दोन्ही बाजूंना आणि वर, बरोबर ज्योत जिथे लागणार तिथे. सगळ्या तळघरात एवढी एकच जागा गिलाव्याविना होती, आणि तिथेच आम्ही दिवा ठेवायला निघालो होतो.

हाक मारायला, हात धरायला वेळ नव्हता. हात धरला असता तर पणती आतच कलंडली असती. मी आत्याबाईंच्या खांद्यावरून वाकले आणि फुंकर मारली.

मिट्ट काळोख झाला. आणि मग एकच कालवा. मामंजी ओरडले, "अगं ए, याड लागलं का तुला?" जिन्यावरची एक बाई "अगं बाई, अगं बाई" करायला लागली. हे म्हणाले, "थांबा, मी काडी ओढतो." मी किंचाळले, "काडी नको! जिन्यावरून बाजूला व्हा सगळे!" त्या गोंगाटात एक माणूस तेवढं बोललं नाही. आत्याबाई. त्या माझ्या पुढ्यात जशाच्या तशा उभ्या होत्या. त्यांनी मागे हात करून माझं मनगट पकडलं होतं, आणि तो हात थरथरत होता. मला वाटलं, संतापाने.

शेजारी घाबरून वर निघून गेले, उजेड आला. ह्यांनी देवळीत बोट घातलं. बोट आत रुतलं आणि पांढरे दाणे खाली सांडले. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

गवंडी पुढे आला, कानाला हात लावून म्हणाला, "सिमिट संपत आलं हुतं. आन् देवाची जागा हाय, संगमरवरावानी पांडरी दिसती, म्हून सोडली. आगीची जागा न्हाई ना ती." त्याचं बोलणं ऐकून मी रागवायला गेले आणि थांबले. कारण आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आम्ही इतके दिवस विस्तव, इंगळ, काडी, विजेची तार, सगळ्यांबद्दल बोललो. पण देवाच्या दिव्याला आमच्यात कोणी आग म्हणतच नाही.

मामंजींचा राग आता जायला जागा शोधत होता. ते आत्याबाईंकडे वळले. "तू तर ईतभर लांब हुतीस. दिवा तुज्या हातात. तुला दिसलं न्हाई?"

मी घाईने म्हणाले, "पणतीचा धूर गेला त्यांच्या डोळ्यांत."

"गप बस," आत्याबाई म्हणाल्या. माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "ती माज्यापायी खोटं बोलतीया. न्हाई दिसलं मला. लई दिस झालं, न्हाई दिसत."

मामंजी खालच्या पायरीवर बसले. सगळ्या गावभर ज्यांचा आवाज चालायचा ते हळूच म्हणाले, "बोलायचं न्हाई का?" आणि थोड्या वेळाने, ज्याची आत्याबाईंना भीती होती नेमकं तेच, "मग आता तू वर बस. लई केलंस."

"केळी काय डोळ्यानं पिकवत्यात व्हय?" आत्याबाईंचा वखारीतला आवाज परत आला होता. "इस्तू हिच्या हातात, केळी माज्या हातात. हिनं आग बगायची, म्या फनी बगायची. मी वर बसायची न्हाई. सांगून ठिवते."

मामंजींनी मान डोलावली, आणि या खेपेला ती 'बघू' अशी नव्हती.

शेजारी एकाच्या विहिरीचं काम चाललं होतं. तिथून मामंजी स्वतः घमेलंभर सिमेंट घेऊन आले. देवळीला आतून जाळी आणि गिलावा झाला. तो वाळला तेव्हा मी आधी बोटाने, मग नखाने, मग चमच्याने खरवडून बघितला. मग आम्ही दोघींनी दिवा ठेवला. पणती माझ्या हातात, माझं मनगट त्यांच्या हातात. त्या दिव्यावरून मी धुरी घातली. त्या वर्षीची शिवरात्रीची केळी एकसारखी पिवळी आली. मित्राला पुण्याला पेटी पाठवली, त्याने चहासारखीच ती न कुरकुरता संपवली असं ऐकलं.

पण दिवा फुंकल्याचं बोलणं गावात फिरत राहिलं, आणि मला ते कुठेतरी लागलं होतं. एके दुपारी वखारीत आम्ही दोघीच होतो. त्या घडावरून बोटं फिरवून कच्च्या-पिकल्या फण्या वेगळ्या करत होत्या, मी मडकं सारखं करत होते. मी विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी तुमचा हात थरथरत होता. एवढा राग आला होता माझा?"

"राग कसला?" त्या म्हणाल्या. "तू फुंकलंस ते मला कुटं कळलं? एकाएकी काळंकुट्ट झालं. मला वाटलं, गेलं. उरलंसुरलं हुतं ते बी आता गेलं. म्हून तुजा हात धरला." त्यांनी एक फणी उचलली, नाकाशी नेली, बाजूला ठेवली. "मग तुमी समदी वरडाय लागलात. तवा कळलं, अंदार समद्यांलाच झालाय. लई बरं वाटलं गं."

आणि त्या पुढची फणी चाचपायला लागल्या.